दुकानासमोरची जागा कुणाच्या बापाची?

खाडीकाठ :
लॉस एंजेलिसला ‘कर्बिव्होर’ नावाची परिषद भरते. विषय, रस्त्याची कडा! फुटपाथला लागून गाडीभर रुंदीचा जो पट्टा असतो, तो पार्किंगला द्यायचा, डिलिव्हरीला, टॅक्सीला की हॉटेलच्या टेबलांना, यावर मंडळी डोकेफोड करतात. वाचून आधी हसूच आलं.

परवा रत्नागिरीत राम आळीत उभा होतो. तांदळाचा टेम्पो आला. कडेला जागा नाही, म्हणून मधोमध थांबला. हमाल पाठीवर गोणी घेऊन दोन स्कूटरींच्या फटीतून आडवा होऊन आत शिरत होता, एकीच्या आरशाला गोणी अडकली, मागे रिक्षांचे हॉर्न. त्यातली निळी स्कूटर खुद्द दुकानदाराची. सकाळी लावलेली, ती दुपारी जेवायला जातानाच हलणार.

माझं म्हणणं : सकाळी ८ ते १० कडा फक्त माल उतरवायला. पुढे अर्धा तास फुकट, त्यानंतर पैसे.

पेठकरी :
एकदा गल्ल्यावर बसून बघा. आठ वाजता माल उतरवून घ्यायला माणूस कोण देणार, तुमची परिषद? टेम्पो कोल्हापूरहून आंबा घाट उतरून येतो. घाटात एक ट्रक बंद पडला की आठचा बाराला पोचतो. आणि पावती फाडायला लागलात की गिऱ्हाईक घरबसल्या मोबाइलवरून मागवणार. अर्धं गेलंच आहे.

खाडीकाठ :
घाटाचं बरोबर. वेळेचा हट्ट सोडला. मग दर चार-पाच दुकानांमागे एका टेम्पोची जागा दिवसभर मालासाठी राखून ठेवा.
पैशांचं म्हणाल तर सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये गर्दीप्रमाणे पार्किंगचे दर लावून पाहिले. गर्दीच्या गल्लीत वाढवले, ओस गल्लीत उतरवले. हेतू एवढाच, की येणाऱ्याला एखादी जागा मोकळी मिळावी. गिऱ्हाईकाला हेच तर हवं असतं ना?

पेठकरी :
तिथे रस्त्यात सेन्सर पुरले होते. इथे ठेकेदाराचा माणूस पुस्तक घेऊन उभा राहणार. ओळखीच्याला सोडणार, राजापूरच्या पाहुण्याला धरणार.

तीन मिनिटं :
मी घरपोच डिलिव्हरी करतो. मला अर्धा तासही नको. पार्सल उचलायचं नि निघायचं. परवा तेवढ्यात गाडीचा फोटो निघाला, चलन आलं, सबंध संध्याकाळची कमाई त्यात गेली. दिवसभर उभ्या गाड्यांचा फोटो कुणी काढत नाही, कारण त्या ‘नेहमीच्या’.

माहेरवाशीण :
सगळे चाकांवरच बोलताय. पहिल्या एस्टीने करवंदांची पाटी घेऊन येणाऱ्या बायका गटाराच्या लादीवर बसतात, त्या कुठे जाणार? २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला हवेत. कडेची वाटणी करायचीच तर त्या समितीला विचारून करा. नाहीतर टेम्पोला जागा मिळेल ती यांना उठवूनच. टेम्पोपेक्षा यांना हलवणं सोपं, म्हणून भीती वाटते.

खाडीकाठ :
हे मी धरलंच नव्हतं, कबूल. पण स्कूटरी हटल्या तर दोघांनाही पुरेल.

मालवणकर :
मे महिन्यात आमच्या मालवणात येवन बघा, मगे बोला. किल्ला बघूक येणाऱ्यांच्या गाड्या आमच्या दारात उभ्या, नि आम्ही स्वतःच्या घरी चालत.

पेठकरी :
मालवणकर, तुमच्याकडे पावती लावा, माझी हरकत नाही. 😄
आणि खाडीकाठ, ती निळी स्कूटर बहुतेक माझीच. दुकानामागे परड्यात जागा आहे, नाही कशी. पण फणसाखाली, आणि यंदा फणस धरलाय वेड्यासारखा. मृग लागेपर्यंत थांबा, झाड रिकामं झालं की मागे नेतो.
पावती मात्र नको म्हणजे नको.