गुरूचे पट्टे एकाच रात्री दिसले, नंतर नाहीत. दुर्बिणीत दोष आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी आयुष्यातली पहिली दुर्बीण घेतली. न्यूटोनियन, म्हणजे आरशाची आहे, १३० मिमी आरसा, ६५० मिमी फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर). सोबत २५ आणि १० मिमीच्या नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) मिळाल्या, २ पटीचं बार्लो, म्हणजे प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग, नंतर घेतलं. अंगणातूनच बघते. चंद्र पहिल्याच रात्री असा काही दिसला की घरातल्या सगळ्यांना हाताला धरून बाहेर आणलं. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानीचा धुरकट ठिपका, हे सगळं २५ मिमीतून छान दिसतं. घोडं अडलंय ते गुरूवर.

१० मिमी लावली की गुरू म्हणजे नुसता पांढरट गोळा. शेजारचे चार उपग्रह कळतात, पण गोळ्यावर काहीही नाही. त्याची कड वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी सारखी लवलवते. फोकसचं चाक कितीही पुढे-मागे फिरवलं तरी 'हां, आता बरोबर' असं होतच नाही. बार्लो लावलं की आणखी वाईट.

पण एका रात्री दिसला होता! त्या दिवशी दुर्बीण संध्याकाळीच अंगणात मांडली आणि तेवढ्यात पाहुणे आले. ते जाईपर्यंत साडेअकरा वाजले. आता आत घेऊन ठेवू म्हणून गेले आणि सहज डोळा लावला. दोन तपकिरी पट्टे, पेन्सिलीने ओढल्यासारखे. गोळा ध्रुवांकडे थोडा चपटा आहे हेसुद्धा कळत होतं. अर्धा तास तिथून हलले नाही. त्यानंतर तीन आठवडे झाले, रोज आठ वाजता काम आवरून दुर्बीण बाहेर काढते, लगेच बघते, आणि रोज तोच गोळा.

मध्ये एकदा आत नेताना नळीचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. तेव्हापासून धास्ती घेतलीय. तारा मुद्दाम फोकसबाहेर नेऊन पाहिला. प्रकाशाची चकती दिसते, त्यात काळा ठिपका दिसतो, पण तो मधोमध नाही, एका अंगाला सरकलाय. स्क्रूंना हात लावायचा धीर होत नाही. आहे तेही बिघडलं तर? की १३० मिमीतून इतकंच दिसतं आणि ती रात्र नशिबाची होती?

प्रतिसाद १

१३० मिमीतून गुरूचे दोन मुख्य पट्टे दिसायलाच हवेत, त्यामुळे दुर्बिणीवर नाराज होऊ नका. अर्धं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. त्या रात्री दुर्बीण चार-पाच तास बाहेर होती, एरवी घरातून काढून लगेच बघता. आरसा म्हणजे काचेचा जाड तुकडा, तो सावकाश निवतो. तो बाहेरच्या हवेपेक्षा गरम असेपर्यंत नळीतून ऊन हवेचे लोट वर चढत राहतात आणि सगळं चित्र त्यांतून येतं. नाण्याची उपमा अगदी अचूक दिलीत. निदान पाऊण तास दुर्बीण बाहेर ठेवा, मग बघा.

दुसरं म्हणजे उंची. आठ वाजता गुरू कुठे असतो आणि साडेअकराला कुठे होता? क्षितिजापासून ३० अंशांवरचा ग्रह आपण डोक्यावरच्यापेक्षा दुप्पट हवेतून पाहतो. त्यात तो एखाद्या छपराच्या वरून दिसत असेल, तर दिवसभर तापलेलं छप्पर रात्री उष्णता सोडतं, तीही मध्ये येते. फरशीपेक्षा माती किंवा गवतावर उभं राहिलात तर बरं. नुसत्या डोळ्यांना तारे फार लुकलुकत असतील तर त्या रात्री ग्रहांचा नाद सोडून तारकागुच्छ बघावेत.

प्रतिसाद २

वरच्या म्हणण्याला अनुमोदन, पण ठिपका सरकलाय त्याअर्थी कोलिमेशनही, म्हणजे आरसे एका रेषेत आणणंही, करावं लागेल. घाबरू नका, यात काही तुटत नाही. आधी दुर्बीण निवू द्या, कारण लवलवत्या ताऱ्यावर काही कळणार नाही. मग ध्रुवतारा धरा, तो जवळपास जागेवरच राहतो, पाठलाग करावा लागत नाही. १० मिमीत अगदी मध्यभागी आणा आणि थोडासाच फोकसबाहेर न्या. तो काळा ठिपका म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या आरशाची सावली आहे.

नळीच्या मागच्या बाजूला मोठ्या आरशाचे तीन समायोजन स्क्रू असतात. त्यांच्या जोडीला घट्ट धरणारे तीन असतील तर ते आधी सैल करा. एक स्क्रू फक्त अष्टमांश फेरा फिरवा. तारा मध्यावरून सरकेल, त्याला दुर्बीण हलवून परत मध्यावर आणा आणि मगच सावली बघा. ही पायरी गाळली की सगळं चुकतं, कारण काठावरच्या ताऱ्याची सावली तशीही तिरकी दिसते. सुधारलं तर त्याच दिशेने पुढे जा, बिघडलं तर उलटं. छोट्या आरशाच्या स्क्रूंना सध्या हात लावू नका.

आणि एक मनापासून सांगतो. १० मिमीतून ६५ पट मोठा केलेला गुरू खरं तर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा किंवा त्याहूनही मोठा असतो, पण काळ्या पार्श्वभूमीवर तसा वाटत नाही. म्हणून एक नजर टाकून उठू नका. दहा मिनिटं सलग बघत बसा. मध्येच हवा दोन-तीन सेकंद स्थिर होते, त्या क्षणी पट्टे येतात आणि जातात. ते क्षण पकडायला डोळा हळूहळू शिकतो.

धागाकर्ती

चार दिवसांनी लिहितेय. सातलाच दुर्बीण बाहेर ठेवली, कोपऱ्यातल्या भिंतीजवळून उचलून मातीत मांडली आणि दहानंतर बसले. आधी ध्रुवतारा. पहिला स्क्रू उलटा फिरवला, सावली आणखी सरकली, घाम फुटला. परत फिरवून दुसरा घेतला. पाऊण तास लागला, पण ठिपका मधोमध आला आणि त्याच्याभोवती वलयं एकसारखी दिसली.

मग गुरू. दोन्ही पट्टे दिसले! सलग नाही, तुम्ही म्हणालात तसे येत-जात. एक उपग्रह गोळ्याला अगदी चिकटून होता. थोड्या वेळाने पाहिलं तर नाही. पलीकडे गेला की समोरून चाललाय ते कळलं नाही, पण माझ्या डोळ्यांदेखत गेला. दोघांचेही फार आभार.

आता एकच शंका. टॉर्च मारून नळीत पाहिलं तर मोठ्या आरशावर धुळीचे बरेच कण दिसले. मऊ कापडाने हलकेच पुसू का?

प्रतिसाद २

नका पुसू! कापडाखाली तेच कण घासले जाऊन अॅल्युमिनियमच्या थरावर ओरखडे पडतात, ते कायमचे. एवढ्या धुळीने चित्रात फरक पडत नाही, आणि टॉर्चच्या प्रकाशात प्रत्येक आरसा घाणच दिसतो. वापर झाला की झाकण लावत जा, पण दव पडलं असेल तर आधी सुकू द्या.