लॉराचे मागचे डिस्क ब्रेक घरीच बदलायचेत, बजेट ८ हजार, सल्ला द्या

पाथर्डीफाटा_लॉरा
नमस्कार मंडळी. गाडी स्कोडा लॉरा डिझेल २०११ ची, सेकंड हँड घेतलेली. मागच्या आठवड्यात सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना मागच्या डाव्या चाकातून खर्र खर्र आवाज यायला लागला, आधी वाटलं खडा अडकला असेल, पण घरी येईपर्यंत गेला नाही. चाक काढून बघितलं तर डिस्कवर नख अडकतं एवढ्या खाचा. एका वर्कशॉपला फोन केला तर त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून बायको म्हणाली गाडीच विका. पुढचे पॅड मी घरी बदललेत त्यामुळे हात अगदीच कोरा नाही, पार्किंग सपाट काँक्रीटचं आहे, जॅक आहे, पान्यांचा सेट आहे. बजेट ८ हजार, त्यात दोन्ही डिस्क, पॅड आणि लागेल ते टूल बसवायचंय. पॅड कोणत्या कंपनीचे घ्यावे आणि मागच्या ब्रेकला वेगळं काही करावं लागतं का ते सांगा. गॅरेजला द्या हे सोडून काहीही सांगा.

द्वारकाकर
गॅरेजला द्या. ब्रेक आहेत भाऊ ते, म्युझिक सिस्टीम नाही.

नाना_सिडको
मी गेल्या वर्षी नेक्सॉन ईव्ही घेतली, तिला पाय उचलला की गाडी आपोआप स्लो होते, ब्रेकला हात लावायची वेळच येत नाही. पॅड कधी बदलायचे विचारलं तर सर्विसवाला हसला. डिझेलचं काही खरं नाही आता, बघा विचार करून.

पाथर्डीफाटा_लॉरा
नाना ८ हजारात ईव्ही मिळत असेल तर उद्याच घेतो.

मेरी_लिंकरोड
पॅड बॉशचे घ्या डोळे झाकून. आपल्या नाशिकला सातपूरलाच फॅक्टरी आहे, माल ताजा मिळतो.

सातपूर_शिफ्ट
साहेब सातपूरच्या प्लँटला डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनतात, ब्रेक पॅड नाही. आणि पॅड म्हणजे काय वडापाव आहे का ताजा मिळायला.

मेरी_लिंकरोड
मी कुठं म्हणलं पॅड तिथंच बनतात. कंपनी आपल्या गावात आहे एवढंच म्हणलं. माझ्या गाडीला तेच आहेत, एक नंबर चाललेत.

इंदिरानगर_पोलो
एकदम सोपं काम आहे, लोक उगाच घाबरवतात. मी माझ्या पोलोचे पॅड स्वतः बदलले, सी क्लँप लावायचा, पिस्टन आत दाबायचा, नवीन पॅड टाकायचे, झालं. यूट्यूबवर सगळं आहे. टूलबिल काही लागत नाही, ते पैसे वाचवा आणि मिसळ खा.

अंबड_टूलरूम
पोलोवाले दादा, तुम्ही पुढचे बदलले. पोलोला मागं ड्रम आहेत. लॉराच्या मागच्या कॅलिपरमधेच, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातच, हँडब्रेकची यंत्रणा असते, पिस्टनच्या आत आट्यांचा स्क्रू असतो. तो पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, दाबत दाबत घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. क्लँपने जोर लावला तर आतले आटे जातात आणि पॅडच्या खर्चात कॅलिपरचा खर्च वाढतो. त्यासाठी पिस्टन रिवाइंड टूल मिळतं, ऑनलाइन पूर्ण किट येतं.

मूळ प्रश्नवाले भाऊ, पार्ट मागवायच्या आधी एक बघा. चारही पॅडची जाडी मोजा, डावा आतला, डावा बाहेरचा, तसंच उजवीकडे. एकाच चाकाचा आवाज का आला ते आधी कळायला पाहिजे. एका चाकाचा फक्त आतला पॅड संपला असेल तर बहुतेक कॅलिपरच्या स्लाइड पिन, म्हणजे ज्यांवर तो सरकतो त्या, जाम आहेत. एका बाजूचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्या बाजूचे शिल्लक आहेत तर हँडब्रेक पूर्ण सुटत नाहीये. कारण तसंच ठेवून नवीन पॅड टाकले तर तेही असेच जातील.

घाटवाला_इगतपुरी
ब्रेक संपतात कारण लोकांना घाट उतरता येत नाही. कसारा उतरताना बघा, निम्म्या गाड्यांचे मागचे लाल दिवे वरपासून खालपर्यंत लागलेले. ज्या गेअरमधे चढता त्याच गेअरमधे उतरा. माझ्या गाडीचे पॅड अजून ओरिजिनल आहेत.

सातपूर_शिफ्ट
ते बरोबर आहे पण त्यांचा मागचा आणि तोही एकच ब्रेक गेलाय. गेअरचा काय संबंध. ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, मेन काम पुढचे ब्रेक करतात.

घाटवाला_इगतपुरी
संबंध आहे. विचार करा.

गंगापूररोड_काका
आमच्या पद्मिनीला चारही ड्रम होते. पावसाळ्यात पाण्यातून गेलं की दोनतीन वेळा ब्रेक मारून सुकवायचे आणि पुढे निघायचं, कुणी धागे काढत नव्हतं. मागं डिस्क देणं हा नुसता शो आहे, चाकाच्या जाळीतून चकचकीत दिसतं म्हणून.

इंदिरानगर_पोलो
काका ड्रम घाटात तापले की ब्रेक लागतच नाही. डिस्क उघडी असते, लवकर थंड होते. शो नाही तो.

गंगापूररोड_काका
आम्ही त्याच ड्रमवर मुंबईला जायचो बाळा. बायकामुलं घेऊन.

पाथर्डीफाटा_लॉरा
टूलरूम म्हणाले तसं मोजलं. डाव्या चाकाचे दोन्ही पॅड जवळजवळ संपलेत, आतला तर पत्र्याला लागलाय, आवाज त्याचाच. उजवीकडचे दोन्ही अजून निम्मे आहेत. आता आठवतंय की फिरून आलं की डावं मागचं चाक उजव्यापेक्षा गरम लागायचं, मला वाटायचं ऊन त्या बाजूला असतं.

अंबड_टूलरूम
म्हणाले नाही, म्हणाल्या :)

मग हँडब्रेकच. पुढच्या चाकांना मागून पुढून वीट किंवा लाकडी ठोकळा लावा, गाडी पहिल्या गेअरमधे ठेवा, आणि हँडब्रेक सोडा. हे सोडायचं विसरतात लोक आणि मग पिस्टन का फिरत नाही म्हणून विचारतात. कॅलिपरच्या मागं जिथं केबल लागते तिथं एक लिव्हर आहे, ती परत जागेवर जाऊन टेकते का बघा. केबल काढून हाताने लिव्हर फिरवा. केबल काढल्यावर लिव्हर पटकन परत गेली तर केबल खराब, आळसावल्यासारखी परत आली किंवा आलीच नाही तर कॅलिपर खराब. गाडी जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, खाली घोडी लावा दोन्हीकडे.

द्वारकाकर
बघा, पॅडपासून कॅलिपरपर्यंत आलं. अजून पुढे जाईल. म्हणून म्हणतो गॅरेजला द्या.

त्र्यंबकरोड_राइडर
पावसाळ्यात गाडी हँडब्रेक लावून आठ आठ दिवस उभी ठेवली की हेच होतं. त्र्यंबकला आमच्याकडं पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला शहरात कळणार नाही. गाडी उभी ठेवायची असेल तर गेअरमधे ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक सोडा. आणि त्यात कुंभमेळ्याची कामं सुरू, सगळे रस्ते उकरलेले, माती चिखल सगळा ब्रेकमधे. २०२७ पर्यंत नाशिककरांनी ट्रॅक्टर घ्यावा.

नाना_सिडको
रस्ते खराब असले तरी ईव्ही एकदम स्मूथ जाते.

भद्रकाली_पार्ट्स
डिस्क नवीन कशाला, अंबडला लेथवाल्याकडे द्या, दोन्ही बाजूने हलकासा कट मारून देईल, थोडक्यात काम होतं. माझ्या मेहुण्याने केलंय.

अंबड_टूलरूम
मी अंबडलाच आहे आणि लेथवालीच आहे म्हणा. पुढच्या जाड डिस्कचं समजू शकते. मागची डिस्क भरीव आणि आधीच पातळ असते, त्यात नख अडकेल एवढी खाच. डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, गंज पुसून वाचा. कट मारल्यावर त्याच्या खाली जाणार असेल तर लेथची मजुरी वाया. आणि बदलायची तर दोन्ही चाकांची, एक जुनी एक नवीन नको.

इंदिरानगर_पोलो
ब्रेक ऑइल पण बदलून घ्या याच कामात. डॉट ५ टाका, नंबर जेवढा मोठा तेवढं चांगलं.

सातपूर_शिफ्ट
अहो दादा नका लोकांना काहीही सांगू. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मधे मिसळत नाही, एबीएसच्या गाडीला टाकू नये. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. झाकणावर डॉट ४ लिहिलंय तर डॉट ४ टाका. दोन वर्षांनी बदलायचं कारण ते हवेतली ओल ओढतं आणि मग घाटात उकळतं. आणि पिस्टन आत ढकलताना वरच्या डब्यातलं ऑइल वर येतं, आधी कुणी काठोकाठ भरून ठेवलं असेल तर बाहेर सांडेल आणि सांडलं तिथला रंग जाईल.

इंदिरानगर_पोलो
५.१ च म्हणायचं होतं.

पाथर्डीफाटा_लॉरा
केबल काढून बघितलं, लिव्हर अर्ध्यात अडकते, बोटाने ढकलली तरच जागेवर जाते. म्हणजे डावा कॅलिपर. नवीन कॅलिपरची किंमत विचारली, बजेटचा विषय संपला.

भद्रकाली_पार्ट्स
डब्ल्यूडी-४० मारा आणि खालीवर खालीवर करा, मोकळी होते. माझ्या मेहुण्याने

अंबड_टूलरूम
होते, आणि पहिल्या पावसात परत अडकते. शिवाय तो स्प्रे उडून पॅडवर गेला तर पॅड टाकून द्यायचे. गंज शाफ्टच्या सीलच्या आत गेलेला असतो. एकतर नवीन घ्या किंवा खात्रीच्या माणसाकडून नवीन सील टाकून रिपेअर करून घ्या. भंगारातला घेऊ नका, त्यालाही हाच आजार असतो.

बाकी घरी करणार असाल तर हे सांगून ठेवते. कॅलिपरचे दोन बोल्ट १३ च्या पान्याचे, पण मागची पिन फिरते, ती धरायला १५ चा पातळ फिक्स पाना लागतो. हे बोल्ट नवीन वापरायचे. डिस्क काढायला कॅलिपरचा ब्रॅकेट खोलावा लागतो, त्याला बारा टोकांची एम १४ स्प्लाइन बिट लागते, साधी ॲलन की घालून डोकं घासवू नका. डिस्कचा छोटा स्क्रू टी ३० चा, तो गंजून बसलेला असतो, ठोकून सैल करायचा. कॅलिपर नुसता ब्रेक पाइपवर लटकवायचा नाही, स्प्रिंगला तारेने बांधा. नवीन डिस्क बसवायच्या आधी हबवरचा, म्हणजे डिस्क जिथं बसते तिथला, गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, तिथं पापुद्रा राहिला की डिस्क लचकत फिरते आणि नंतर पेडल थरथरतं, मग लोक डिस्कला शिव्या देतात. नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं ते ब्रेक क्लीनरने पुसा. स्लाइड पिनला ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, बेअरिंगचं पिवळं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटर, पायाने उड्या मारून नाही. आणि पार्ट मागवताना चॅसिस नंबर द्या, एकाच मॉडेलला मागच्या डिस्क वेगवेगळ्या मापाच्या येतात.

गंगापूररोड_काका
एवढं सगळं? ड्रमला हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर पुरायचा.

द्वारकाकर
एवढं वाचल्यावर पण हा माणूस घरी करणार असेल तर सलाम. माझा मेकॅनिक सकाळी गाडी घेतो संध्याकाळी देतो, मधे चहा पण पाजतो.

घाटवाला_इगतपुरी
गॅरेजला दिली की नवीन पार्टच्या डब्यात जुना पार्ट घालून देतात. समोर उभं राहायचं. मी नेहमी समोर उभा राहतो.

मेरी_लिंकरोड
पॅड बॉशचेच ना?

पाथर्डीफाटा_लॉरा
मंडळी काम झालं, अपडेट देतो. घरी पण नाही केलं आणि गॅरेजला पण नाही दिली. दोन्ही डिस्क, पॅड, बोल्ट आणि डावा कॅलिपर नवीन, सगळं मी मागवलं, आणि ओळखीचा एक मिस्त्री आहे नाशिकरोडचा, त्याला रविवारी पार्किंगमधे बोलावला. मजुरी त्याची, पार्ट माझे, आणि मी शेजारी स्टूल टाकून बसलो. कॅलिपर बदलायचा म्हणजे पाइप उघडणार, हवा काढावी लागणार, ते काम पहिल्यांदा स्वतः ब्रेकवर शिकायची माझी तयारी नव्हती. बजेटबद्दल विचारू नका.

उजव्या कॅलिपरला त्याने पिशवीतून सी क्लँप काढला. मी म्हणलं थांबा, आणि टूल हातात दिलं. आधी म्हणाला असल्या खेळण्याची गरज नाही, आम्ही वीस वर्ष करतोय, पण एकदा फिरवून पिस्टन आत गेल्यावर गप्प झाला. जाताना टूल किती रुपयाला मिळालं विचारून गेला. पॅड टीआरडब्ल्यूचे घेतले, मेरी लिंकरोड माफ करा, दुकानात तेच होते.

हँडब्रेक मात्र आता बराच वर ओढावा लागतोय, आधी चारपाच टक टक मधे लागायचा. हे नॉर्मल आहे का?

द्वारकाकर
मिस्त्री घरी बोलावणं म्हणजे गॅरेजलाच देणं झालं. मी पहिल्यालाच सांगितलं होतं.

इंदिरानगर_पोलो
एवढं सगळं आणून दुसऱ्याकडून करून घेतलं राव. बोल्ट तरी स्वतः आवळले असते.

अंबड_टूलरूम
इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल जोरात बऱ्याच वेळा दाबा, पिस्टन स्वतःचं अंतर घेतो, मग हँडब्रेक खाली येईल. केबल लगेच ताणायला सांगू नका, ताणली तर लिव्हर जागेवर टेकणार नाही आणि पुन्हा तेच. लिव्हर दोन्हीकडे टेकलेली आहे का तेवढं एकदा खाली वाकून बघा. आणि पॅड बसायला वेळ द्या, मोकळ्या रस्त्यावर साठच्या स्पीडवरून दहापर्यंत हळूहळू आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मधे थंड होऊ द्यायचं, असं काही वेळा करा. पहिल्याच दिवशी गडावर जाऊ नका.

पाथर्डीफाटा_लॉरा
खाली आला ताई, आता सहाव्या टकला लागतो. लिव्हर दोन्हीकडे टेकलेली आहे. रात्री गंगापूर धरणाच्या रस्त्याला जाऊन पॅड बसवून आलो, आवाज नाही, दोन्ही चाकं सारखीच गरम.

त्र्यंबकरोड_राइडर
ते रिवाइंड टूल आता तुमच्याकडे पडूनच राहणार ना? माझ्या ऑक्टाव्हियाचे पॅड आहेत पुढच्या महिन्यात. एका रविवारपुरतं द्या, डिपॉझिट ठेवतो.

पाथर्डीफाटा_लॉरा
डिपॉझिट नको, मिस्त्री पण मागतोय, त्याच्यानंतर तुमचा नंबर.

पंचवटी_वॅगनार
छान माहिती. माझ्याकडे वॅगनार आहे, तिला मागं डिस्क बसवता येतील का? बजेट ३ हजार.

द्वारकाकर
नवीन धागा काढा.