मदत हवी आहे: बी.एस्सी. रसायनशास्त्रानंतर पुरातत्त्व की संवर्धन?

सह्यपायथा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात बी.एस्सी. (रसायनशास्त्र) शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पुरातत्त्वाकडे वळून संशोधन आणि अध्यापनातच राहायचं ठरवलंय. घरून विरोध नाही, पण "यात नोकऱ्या असतात तरी कुठे?" या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही. शंका अशा: एम.ए. पुरातत्त्वात करू की संवर्धनात (जुन्या वस्तू-चित्रं जपण्याच्या शास्त्रात)? रसायनशास्त्राची तीन वर्षं वाया जाणार का? नेट (प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) कोणत्या विषयातून द्यायची? आणि प्रवेश मिळेपर्यंत हाताशी काय शिकून ठेवावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

टेकाडवाला

आधी एम.ए.चा विषय नक्की करा, बाकी सगळं त्यावर ठरतं. यूजीसी-नेटमध्ये पुरातत्त्व (विषय क्रमांक ६७) आणि संग्रहालयशास्त्र व संवर्धन (६६) हे दोन वेगळे विषय आहेत. इतिहास (०६) तिसरा. पदव्युत्तर पदवी ज्या विषयातली, नेट त्याच विषयातून द्यायची असते. प्राध्यापकभरतीच्या जाहिरातीत 'संबंधित विषय' एवढंच छापतात आणि छाननी करणारे पदवीच्या नावावर बोट ठेवतात. संवर्धनात एम.ए. करून पुरातत्त्वाच्या जागेसाठी अर्ज केला, की काम कितीही चांगलं असलं तरी तो पहिल्याच चाळणीत गळू शकतो. शिकवायचंच आहे, तर कोणत्या विभागात, हे आज ठरवा.

पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज तुम्हाला जवळचं, आणि तिथे कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश आहे. प्राचीन वनस्पती, प्राण्यांची हाडं, रसायन, भूपुरातत्त्व अशा प्रयोगशाळा एकाच आवारात असल्यामुळे विज्ञानाच्या मुलांना तिथे सूर लवकर सापडतो. नागपूर विद्यापीठाचा विभाग आणि बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ हेही पर्याय चांगले आहेत. बडोद्यात संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे. संवर्धनच करायचं तर नोएडाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज बघा (पूर्वीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट).

नेटचं गणित: पेपर एक ५० प्रश्न, पेपर दोन १०० प्रश्न, एकूण ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एम.ए.ला ५५ टक्के हवेत, राखीव गटांना ५०. जेआरएफसाठी (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) खुल्या गटाची वयोमर्यादा ३० वर्षं आहे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतल्या विद्यापीठांसाठीच्या छाननीच्या तक्त्यात जेआरएफला ७ गुण, नुसत्या नेटला ५, सेटला (राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) ३ आणि पीएच.डी.ला ३० आहेत. म्हणजे नेट हा फक्त उंबरठा आहे, वजन पीएच.डी.चं. सेट द्यायची झाली तर अर्ज भरण्याआधी तिची विषययादी नीट वाचा.

नोकऱ्यांबद्दल स्पष्टच सांगतो. पुरातत्त्वाचे स्वतंत्र विभाग देशात मोजके आहेत. महाविद्यालयांत हा विषय बहुतेक ठिकाणी इतिहासाच्या पोटात शिकवला जातो. 'प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व' ही पदवी एखाद्या महाविद्यालयात इतिहासाच्या जागेला चालते, दुसऱ्यात चालत नाही. म्हणून समकक्षतेचं पत्र विद्यापीठाकडून आधीच घेऊन फाइलला लावून ठेवा. मुलाखतीच्या आठवड्यात ते मिळत नाही.

रसशाळा

टेकाडवाला यांच्याशी सहमत. भर घालतो ती रसायनाबद्दल, कारण 'वाया जाईल का' हा प्रश्न उलटा आहे. एम.ए.च्या वर्गात मोल आणि द्रावणांची भाषा येणारी मुलं फार थोडी असतात. ती भाषा टिकवून ठेवलीत तर तुमची स्वतंत्र जागा तयार होते.

अजिंठ्याचं उदाहरण घ्या. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन संवर्धकांनी चित्रांवर शेलॅकचं, म्हणजे लाखेचं, रोगण चढवलं. ताजं शेलॅक अल्कोहोलमध्ये सहज विरघळतं. पण वर्षानुवर्षं हवा-उजेड लागला की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, थर पिवळा-तपकिरी पडतो आणि मग साध्या अल्कोहोलला दाद देत नाही. खाली मातीचा गिलावा आणि त्यावर डिंक-सरसासारख्या बंधकाने धरलेला रंग. पाणी जास्त झालं तर गिलावा फुगतो, द्रावक जहाल झाला तर रंग सुटतो. त्यामुळे आधी नजरेआडच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर चाचणी घेतात. कापसाचा बोळा जेमतेम ओलसर करायचा, द्रावक सौम्याकडून तीव्राकडे न्यायचे आणि प्रत्येक वेळी बोळा पाहायचा. पिवळा-तपकिरी डाग म्हणजे रोगण निघतंय. लाल किंवा हिरवी छटा दिसली की तिथेच थांबायचं.

दुसरं, पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ. भुगा होत चाललेल्या खापराला बळकटी द्यायची तर १०० मिली ॲसिटोनमध्ये साधारण ३ ग्रॅम. दाट केलं तर आत शिरत नाही. आणि आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात ॲसिटोन इतक्या भराभर उडतो की राळ त्याच्याबरोबर पृष्ठभागावर येते, खापर चकाकतं आणि आतून ठिसूळच राहतं. म्हणून सावलीत काम करायचं आणि वस्तूवर पॉलिथिन सैल झाकून ती सावकाश वाळू द्यायची. ज्या खापरातल्या अन्नाच्या अवशेषांचं विश्लेषण करायचंय त्याला मात्र हे मुळीच लावायचं नाही. धुवायचंसुद्धा नाही.

प्रत्यक्ष हात बसवायला लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेची प्रशिक्षणं एम.ए.नंतर उपयोगी पडतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्रही विचारून पाहा.

सह्यपायथा

खूप आभार! मग पुरातत्त्वात एम.ए. आणि पुढे तांब्याच्या वस्तूंवर पीएच.डी., असा विचार डोक्यात आलाय. हातात धरायच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या) यंत्राने वस्तू न फोडता विश्लेषण होतं असं वाचलं. तेवढ्यावर प्रबंध होईल का?

रसशाळा

तेवढ्यावर नाही. ते यंत्र धातूचा अगदी वरचा थर वाचतं, मिलिमीटरचा छोटासा अंश. पुरलेल्या तांब्यावर हिरवा गंजथर असतो. त्यातून तांबं निघून जातं, कथिल मागे राहतं, मातीतलं लोह आणि कॅल्शियम येऊन बसतं. तुम्ही मोजाल गंज आणि लिहाल मिश्रधातू. बरोबर आकडे हवे असतील तर गंज काढून लहानशी जागा उघडी करावी लागते किंवा बारीक नमुना घ्यावा लागतो. दोन्हीला वस्तू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी लागते. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आणि त्याच्या परवानग्या आधी समजून घ्या. यात महिनोन् महिने जातात. ते वेळापत्रकात धरले नाहीत तर छात्रवृत्ती संपते आणि प्रबंध अर्धाच असतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वस्तू कोणत्या थरातून आली ते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादच्या धातूच्या चार वस्तू (रथ, हत्ती, गेंडा, म्हैस, मिळून ६० किलोहून जास्त) १९७४ मध्ये एका गावकऱ्याला खणताना मिळाल्या, शास्त्रीय उत्खननात नव्हे. त्यांच्यात १ टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं. ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत अशी आर्सेनिकची मिश्रणं नाहीत, असं म्हणून पुरातत्त्वज्ञ डी. पी. अगरवालांनी त्या ऐतिहासिक काळातल्या असाव्यात असा तर्क मांडला. इतर अनेक अभ्यासक त्यांना हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या मानतात. रासायनिक आकडे हाती असूनही वाद का मिटला नाही, तर खात्रीचा थर नाही. म्हणून विषय निवडताना आधी थर नोंदवलेलं साहित्य शोधा, यंत्राचं नंतर बघा.

खापरखुंट

वरच्या मुद्द्याला धरूनच: पीएच.डी. अडते ती बहुतेकदा साहित्यापाशी. उत्खननाचा अहवाल प्रसिद्ध व्हायचा असेल तर त्या साहित्यावर पहिला हक्क उत्खनन संचालकांचा असतो. त्यांचं संमतिपत्र नोंदणीच्या आधी घ्या. 'बघू, देऊ' यावर विसंबून आराखडा सादर करू नका.

एम.ए.च्या पहिल्या हंगामात पांढरीवर (प्राचीन वस्तीच्या टेकाडावर) जाल तेव्हा या गोष्टी येत असतील तर तुम्हाला लगेच काम मिळेल. १० × १० मीटरच्या खड्ड्याचे ५ × ५ चे चार भाग करून मध्ये बाल्क (न खणलेली मातीची भिंत) राखतात, कारण थरांचा उभा छेद त्या भिंतीतच वाचता येतो. छेदाचं रेखाटन आलेख कागदावर १:२० प्रमाणात करायला आत्ताच शिका. दोरी आणि पाणसळ घेऊन घरच्या कुंपणाची भिंतसुद्धा चालेल. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेही शिकून घ्या.

कोळशाचा नमुना दिसला तर बोटांनी उचलू नका आणि कापसात, कागदात गुंडाळू नका. त्यांतला कार्बन नमुन्यात मिसळतो. स्वच्छ धातूच्या चिमट्याने उचलून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घ्या, मग पिशवीत. चिठ्ठीवर स्थळाचं नाव, खड्डा, थर, खोली आणि तारीख. बॉलपेनने लिहू नका, ओल लागली की शाई पसरते, पेन्सिल टिकते. एक चिठ्ठी पिशवीत, दुसरी बाहेर. थर क्रमांक नसलेली पिशवी खापरांच्या अंगणात (जिथे खापरं मांडून वर्गवारी करतात) आली की तिच्यातला माल कालनिर्णयाला निरुपयोगी झाला. नंतर आठवून लिहिलेला क्रमांक तर आणखी घातक.

टेकाडवाला

अध्यापनाची जागा निघेपर्यंत काय, हेही लक्षात असू द्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात उपअधीक्षक पुरातत्त्ववेत्ता आणि उपअधीक्षक पुरातत्त्व रसायनज्ञ अशी पदं यूपीएससीमार्फत भरतात. सर्वेक्षणाची विज्ञान शाखा देहरादूनला आहे. पुरातत्त्ववेत्त्याच्या पदाला एम.ए.बरोबर पुरातत्त्वाची पदविका किंवा क्षेत्रातला अनुभव मागतात. ती पदविका ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेत दोन वर्षांची आहे, विद्यावेतनासह. जागा थोड्या आणि वयाची अट, त्यामुळे एम.ए. संपता संपता अर्ज करा. रसायनज्ञाच्या पदाला रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, नुसती बी.एस्सी. नाही. त्या वाटेला जायचं तर आधी एम.एस्सी. करणं शहाणपणाचं. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा.

सह्यपायथा

एम.ए. पुरातत्त्वच करते. शेवटची शंका: प्रवेशाआधी एखाद्या उत्खननाला स्वयंसेवक म्हणून जायचं तर पत्रात काय लिहावं?

खापरखुंट

ताई, पत्र दहा ओळींच्या वर नको. तुमचं शिक्षण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सलग येऊ शकता (दोन आठवड्यांहून कमी असेल तर सहसा घेत नाहीत), धनुर्वाताची लस घेतली आहे का आणि रसायनशास्त्रामुळे नेमकं काय करू शकाल: द्रावणं बनवणं, पीएच मोजणं, नोंदवही ठेवणं. 'लहानपणापासून इतिहासाची आवड' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, ते गाळा. हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणून पत्र दिवाळीआधी पोचू द्या. उत्खननाचा परवाना उशिरा आला तर तारखा पुढे सरकतात, तेव्हा रेल्वेचं तिकीट संचालकांचा होकार लेखी आल्यावरच काढा.