गारगोटी लाईन: ॲम्प्लिफायर बसवूनही टीव्हीवर चौकोन, मदत हवी (अर्जंट)

केबलवाला_गारगोटी: कोल्हापुरातून गारगोटीला आमची फायबर लाईन आहे. आठवडाभर टीव्हीवर चौकोन पडतायत. उसनवारी करून गारगोटीत ईडीएफए (फायबरमधला उजेड वाढवणारा ॲम्प्लिफायर) बसवला, आउटपुट १६ डीबीएम (उजेडाची ताकद), तरी चित्र फुटतंच. रविवारी शाहू स्टेडियमची मॅच दाखवायची आहे, लोक फोन करून जीव खातायत. लवकर सांगा.

फायबरभाऊ: २२ डीबीएमचा घ्या. माझा नाद खुळा चालतोय.

जुना_स्प्लायसर: आणि २२ चा घेऊन काय होणार? इनपुट सांगा आधी. आउटपुट तो १६ च दाखवणार. आत उजेड कमी आला की सिग्नलपेक्षा मशीनचा नॉइजच जास्त वाढतो.

रंकाळाकाठ: आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. हा बसवला तर येईल का?

केबलवाला_गारगोटी: इनपुट -१२. बॉक्सला सिग्नलची लेव्हल ६२, एमईआर (सिग्नल किती स्वच्छ ते) २४. ट्रान्समीटर १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, १० डीबीएम. लाईन ५० किमी. एवढं सगळं लागतं होय?

जुना_स्प्लायसर: तेच तर लागतं! किमीला ०.२ डीबी लॉस धरला तर १० डीबी जायला पाहिजेत. तुमचे २२ गेलेत. ओटीडीआर (फायबरमध्ये कुठं लॉस आहे ते दाखवणारं मशीन) मारला?

केबलवाला_गारगोटी: मारला की. लाईन चकाचक.

जुना_स्प्लायसर: १३१० वर मारला असणार. फायबर कुठं आवळली असली तर १३१० वर फारसं दिसत नाही, १५५० वर बोंब होते. १५५० वर मारा.

हिरवा_निळा: कनेक्टर बघा राव. हिरव्यात (तिरक्या टोकाच्या) निळा (सरळ टोकाचा) घुसवलाय का? आमच्या पोरानं घुसवलेला, महिनाभर डोकं खाल्लं. आणि पोर्टला डोळा लावू नका, हा उजेड दिसत नाही, डोळा मात्र जातो.

फायबरभाऊ: तरी पण २२ च घ्या, त्यावर इंटरनेटपण चालेल.

जुना_स्प्लायसर: भावा, ईडीएफएमधलं एर्बियम (उजेड वाढवणारा धातू) साधारण १५३० ते १५६५ मध्येच वाढवतं. तुमच्या जीपॉनचं (फायबर इंटरनेटचं) डाऊनलोड १४९० वर, अपलोड १३१० वर. कसं चालणार?

पांढरा_रस्सा: मॅच कुणाची आहे? पाटाकडीलच जिंकणार.

केबलवाला_गारगोटी: सापडलं. मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीनं केबल ओढलेली, वायरमननं तीच खांबाला मुठीएवढ्या वेटोळ्यात आवळून बांधली. सोडल्यावर इनपुट -३, एमईआर ३३. चौकोन गेले.

हिरवा_निळा: १० च्या वर उरलेले ३ डीबी कनेक्टरचेच असणार. सांगितलं होतं.

फायबरभाऊ: जुना १६ चा विकणार का?