अमेरिकेतली वटवाघळांची बुरशी आणि आपल्या भीमगडच्या गुहा: बंदी हवी, पण कशासाठी?

जांबोटीकर
ट्रेकिंग ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतंय. अमेरिकेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी येऊन लाखोंनी मेली, तवा बेळगावजवळच्या खानापूरच्या गुहांत कुणी जाऊ नका, बुरशी पसरंल, माणसालाबी लागंल. आता भीमगडच्या जंगलातल्या बारापेडेच्या गुहेत जाऊ नका हे शंभर टक्के बरोबर, पण कारण साफ चुकीचं सांगतायत. व्हाइट नोज म्हणतात ती बुरशी थंडीतली. पावसाळ्यात भाकरीवर येते तसली न्हवं, फ्रिजात वाढणारी म्हणा की. २० अंशाच्या आसपास तिची वाढ थांबते. तिकडची वटवाघळं हिवाळाभर गुहेत निजतात, अंग गुहेएवढं थंड पडतं, प्रतिकारशक्ती मंद होते, मग ही नाकावर नि पंखांच्या कातडीत शिरते. ती बिचारी पुन्हा पुन्हा जागी होतात, साठवलेली चरबी जळते, बाहेर बर्फ, किडा एक मिळत नाही, उपाशी मरतात. आपल्याकडची कुठं अशी हिवाळाभर निजतात? आणि माणसाच्या ३७ अंशाच्या अंगात ती वाढतच नाही.

टिळकवाडी_वॉकर
तुमचं शास्त्र ठीक आहे ओ, पण तिकडं पण २००६ च्या आधी कुणाच्या स्वप्नात नव्हतं. न्यूयॉर्कच्या एका गुहेतल्या फोटोत पहिल्यांदा दिसली, नि पुढं तीन जातींची नव्वद टक्क्यांच्या वर वटवाघळं गेली. युरोपात ही बुरशी जुनीच, तिथली वटवाघळं तिच्यासकट जगतात, तिथनंच कुणाच्या तरी बुटाला लागून आली असणार असं म्हणतात. २०१६ ला तर वॉशिंग्टन राज्यात निघाली, जवळच्या लागणीपासून दोनेक हजार किलोमीटर लांब. आपल्यातली किती पोरं युरोप-अमेरिकेत आहेत, सुट्टीला आली की तेच बूट घालून घाटात. भीतीनं का होईना लोक थांबले तर तुमचं काय बिघडतंय?

जांबोटीकर
बिघडतंय की. आणि गुहेतलं तापमान साधारण त्या भागाच्या वर्षाच्या सरासरीएवढं असतं, बेळगाव भागाची सरासरी २० च्या वरच आहे, तिथं ही काय वाढणार.

नंदगडची_लेक
काय बिघडतंय ते मी सांगते. २०१८ ला केरळात वटवाघळांपासनं पसरणारा निपाह ताप आला तेव्हा आमच्याकडं वडावरची वाघळं हाकला, झाडच तोडा म्हणून लोक मागं लागले होते, केरळ कुठं नि आम्ही कुठं. आता "वटवाघळांचा रोग" असं वाचलं की गुहा बंद कोण करतंय, तोंडाशी पाला पेटवून धूर करतील. भातावरचे किडे रात्री कोण खातं हे त्या फॉरवर्डात नाही.

मायक्रोवाली
एमएस्सीला बुरशीच शिकतेय म्हणून मधे तोंड घालते. वटवाघळाच्या कातडीवर कितीतरी बुरश्या नि यीस्ट असतात, बहुतेक निरुपद्रवी, त्यामुळं पांढरं काही दिसलं की व्हाइट नोज असं नसतं, लॅबमध्ये तपासावं लागतं. पण जांबोटीकर दादा, तुम्ही पण अर्धंच धरताय. इथं वाढणार नाही म्हणून बुटावरचे बीजाणू लगेच मरतात असं नाही. हाच ग्रुप मे महिन्यात हिमाचलला जातो ना? तिथल्या थंड गुहांत निजणारी वटवाघळं आहेत. आणि माणसाला धोका हवाच असेल तर तो वेगळ्या बुरशीचा, हिस्टोप्लाझ्मा, विष्ठा पडलेल्या मातीत वाढते नि धूळ नाकात गेली की फुप्फुसाला त्रास. त्या फॉरवर्डनं दोन्ही एकात कालवलंय.

टिळकवाडी_वॉकर
म्हणजे बंदी हवीच. मी तेच म्हणतोय.

जांबोटीकर
बंदी नको म्हटलंय कुणी? बारापेडेत रॉटनचं वटवाघूळ म्हणून एक जात आहे, १९१३ ला तिथल्याच नमुन्यावरनं जगाला कळलं, कित्येक वर्षं जगात दुसरं ठिकाणच माहीत नव्हतं, नंतर मेघालयात नि कंबोडियात सापडलं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या यादीतलं, शेड्यूल वन मधलं जनावर ते, वाघाच्या पंगतीतलं. त्याला बुरशीपेक्षा तुमच्या हेडलॅम्पची नि आरडाओरड्याची भीती जास्त, पिलं अंगाला चिकटलेली असताना एकदम उडाली तर पिलू खाली पडतंय. हे लिहा की ग्रुपवर! रोगाचं नाव कशाला?

कणकुंबी_घाट
बंदी बंदी करताय, पण शहरातनं रील काढायला येणाऱ्याला कोण अडवतंय, जंगलातल्या गावच्या माणसानं लाकूड आणलं की मात्र शंभर प्रश्न. २०११ ला भीमगडचं अभयारण्य झालंय, आतल्या गुहेत विनापरवानगी जाताच येत नाही, मग हा फॉरवर्ड हवाच कशाला?

टिळकवाडी_वॉकर
कारण कायदा कुणी वाचत नाही, फॉरवर्ड वाचतात.

मायक्रोवाली
मग निदान धड मजकूर टाका. बाहेरच्या देशात गुहेत घातलेले बूट नि दोर इथं आणूच नका, आणलेच तर माती ब्रशनं काढून ५५ अंशाच्या गरम पाण्यात बुडवा, नुसतं उन्हात टाकून भागत नाही. "माणसाला लागंल" ही ओळ काढा. आणि नंदगडच्या ताई म्हणतात ते धुराचं पण घाला, कन्नडमधे पण करून द्या कुणीतरी, आतल्या वाड्यांत दोन्ही भाषा चालतात.

जांबोटीकर
मराठी मी लिहितो आज रात्री. कन्नड टिळकवाडीवाल्यांनी करावं, त्यांची शाळा कन्नडच होती.