साखर कारखाना आणि राजकीय घराणी: तालुक्यावरची पकड नेमकी चालते कशी?

दंडोबा (प्रश्न)

पश्चिम महाराष्ट्राच्या राजकारणावर बोलणं निघालं की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, "त्यांच्याकडे पैसा आहे". दोन, "समाजाचं संख्याबळ आहे". दोन्ही खरं असेल, पण त्यातून काही उलगडत नाही. पैसा बिल्डरांकडेही असतो, तरी त्यांची तिसरी पिढी सहसा आमदार होत नाही. संख्याबळ म्हणावं तर त्याच जातीतली हजारो घरं तालुक्यात असतात. तरी प्रवरेला विखे, संगमनेरला थोरात, अकलूजला मोहिते-पाटील, वारणेला कोरे ही नावं पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

कागदावर तर कारखाना सभासदांचा. एक सभासद, एक मत. अध्यक्षाकडे शेअर तुमच्या-माझ्याइतकेच. मग ज्याची मालकी नाही त्याच्या जोरावर घराणं उभं राहतं कसं? आणि पकड इतकी पक्की असेल तर 1985 पासून सलग निवडून येणारे संगमनेरचे बाळासाहेब थोरात 2024 च्या विधानसभेला अमोल खताळांकडून हरले कसे?

तिसरा प्रश्न व्यवहाराचा: साध्या सभासदाच्या हातात नक्की काय असतं? "सगळे चोर" छापाची उत्तरं कृपया नकोत. यंत्रणा समजून घ्यायची आहे.

गटऑफिस

मालकी बाजूला ठेवा आणि वेळापत्रक बघा. ऊस कधी तुटणार हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात तालुका.

आधी एक गैरसमज. घराणी श्रीमंत होती म्हणून कारखाने निघाले असं सरसकट झालेलं नाही. प्रवरेच्या कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. विठ्ठलराव विखे-पाटलांनी गावोगाव हिंडून भागभांडवल जमवलं आणि पहिले अध्यक्ष झाले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. पुढच्या कारखान्यांचा साचा साधारण असा ठरला: 10 टक्के भांडवल सभासदांचं, 30 टक्के सरकारचं, 60 टक्के कर्ज, आणि कर्जाला बहुतेक वेळा सरकारची थकहमी (कारखान्याने फेडलं नाही तर सरकार भरणार). म्हणजे स्वतःचा पैसा थोडा, पण चालवण्याचा अधिकार पूर्ण. संपत्ती बरीचशी नंतर आली.

आता तोडीकडे, म्हणजे ऊसतोडणीकडे. लागण केली की कारखान्याच्या गट ऑफिसला ऊस नोंद होते: लागणीच्या हंगामानुसार आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत वाढवलेला खोडवा. त्या तारखेच्या क्रमाने तोड द्यायची असते. प्रत्यक्षात तोडकऱ्यांची टोळी कुठल्या शिवारात आधी जाणार हे कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं आणि रोजचा कारभार चिटबॉयच्या, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, हातात. क्रम मोडायला कारणं नेहमीच हाताशी असतात. रस्ता खराब, पाणी दिलेलं रान ओलं, टोळी पळाली, यार्डात गाड्या तुंबल्या. यातली निम्मी कारणं खरी असतात, म्हणून उरलेल्यांवर बोट ठेवता येत नाही.

तोड महिनाभर लांबली तर काय होतं बघा. आडसाली उसाला तुरा येतो, वजन घटतं. खोडवा उशिरा धरला जातो, त्यामुळे पुढच्या वर्षाचंही गणित बिघडतं. बिल उशिरा निघतं आणि गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं जात नाही. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर मिळणारी व्याजाची सवलत मुदतीत फेडणाऱ्यालाच असते, तीही जाते. कोणी धमकी दिली नाही, कोणी काही बोललं नाही, फक्त टोळी आली नाही. विरोधी पॅनेलमधून उभं राहण्याआधी माणूस हा हिशोब मनात करतो. बहुतेकदा तेवढं पुरतं.

आणि हे एकट्या कारखान्यावर चालत नाही. विकास सोसायटीतून कर्ज, त्याची वसुली ऊसबिलातून, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेकडून, नदीवरून रानात पाणी आणणारी उपसा सिंचन योजना बऱ्याच ठिकाणी कारखान्याच्याच छत्राखाली, पाणीपट्टीही बिलातून वळती. मुलाला कॉलेजमध्ये प्रवेश आणि पुढे नोकरी शिक्षणसंस्थेत. 1983 ला वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि ही साखळी पुरी झाली. एका कुटुंबाचं वर्षभराचं जवळजवळ सगळं येणं-देणं एकाच घराण्याच्या माणसांसमोरून जातं.

पोटनियम

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत. पण "एक सभासद एक मत" या वाक्याला तिथे हात लागला नाही. खरी मेख तिथे आहे.

संचालक मंडळ जास्तीत जास्त 21 चं. ऊस उत्पादक गटांच्या जागा, शिवाय महिलांच्या दोन, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, भटके-विमुक्त यांच्या एकेक, आणि ब वर्ग म्हणजे संस्था प्रतिनिधी. बहुतेक कारखान्यांत गट वेगळे असले तरी मतदान सगळ्या सभासदांचं सगळ्या जागांना. मतदाराच्या हातात वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका पडतात आणि तो वीसेक शिक्के मारतो. आपल्या गावात लोकप्रिय असलेला एकटा उमेदवार इथे निवडून येत नाही. त्याला पूर्ण क्षेत्रात चालणारं पॅनेल लागतं आणि पूर्ण पॅनेल उभं करणं दुसऱ्या घराण्याशिवाय कोणाला परवडत नाही. म्हणून कारखान्याच्या लढती बहुतेक घराणं विरुद्ध घराणं, नाहीतर एकाच घरातल्या दोन पात्या. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्यावरचा मोहिते-भोसले वाद हे त्याचं जुनं उदाहरण.

ब वर्ग तर आणखी आटोपशीर. तिथे व्यक्ती मत देत नाही, सोसायटी ठराव करून प्रतिनिधी पाठवते. मतं शंभराच्या आसपास. माळेगाव कारखान्याच्या 2025 च्या निवडणुकीत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार या वर्गातून उभे राहिले, निवडून आले आणि अध्यक्ष झाले. राज्याच्या उपमुख्यमंत्र्याला एका कारखान्याचं अध्यक्षपद का हवं असतं, याचं उत्तर गटऑफिस यांच्या प्रतिसादात आहेच.

पूर्ण ठरावांवर चालणारी निवडणूक बघायची तर कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ. तिथे दूध घालणारा शेतकरी थेट मतदार नाही, प्राथमिक दूध संस्थेचा ठरावधारक मतदार. मतदान काही हजारांचं, त्यामुळे ठराव कोणाच्या नावाने झाला यातच निम्मी निवडणूक संपते. तरी 2021 ला सतेज पाटील-हसन मुश्रीफ गटाने 21 पैकी 17 जागा घेऊन महाडिक गटाची सत्ता घालवली. पण जिंकणारेही प्रस्थापितच होते, हे विसरू नका.

राहिली मतदार यादी. वडील गेले, शेअर त्यांच्याच नावावर राहिला, वारस नोंदीचा अर्ज "मंडळाच्या पुढच्या सभेत" अडकला, की घरातलं मत गेलं. मयत सभासदांची नावं वर्षानुवर्षं यादीत राहतात. विरोधी गावातल्या वारस नोंदी रखडतात आणि सोयीच्या गावातल्या आठवड्यात होतात, अशी तक्रार जवळपास प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. नवीन सभासदाला तर दोन वर्षं मताचा अधिकारच नसतो.

वारणाकाठ

दोघांचंही वर्णन बरोबर, पण ते साधारण 1995 पर्यंतच्या महाराष्ट्राचं आहे. तोडीची भीती झोनबंदी होती तेव्हा पूर्ण होती. ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायचा, बाहेर नेला तर गुन्हा. 1997 ला झोनबंदी उठली. शेतकरी संघटनेची ही जुनी मागणी होती. आज राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात आणि त्यातले सुमारे निम्मे खासगी आहेत. गाळपक्षमता वाढली, ऊस तेवढा वाढला नाही. ज्या वर्षी ऊस कमी, त्या वर्षी चिटबॉयच शेतकऱ्याच्या दारात असतो. उलट 2021-22 सारखं जास्त उसाचं वर्ष आलं, हंगाम जूनपर्यंत लांबला, की जुना खेळ परत सुरू. म्हणजे पकड पावसावर अवलंबून आहे म्हणा ना.

घराण्यांनी यावर काढलेला मार्ग जास्त महत्त्वाचा आहे. सहकारी कारखाना तोट्यात जातो, कर्ज थकतं, बँक सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जाच्या वसुलीचा कायदा) ताबा घेते आणि लिलाव करते. घेणारी खासगी कंपनी कोणाच्या तरी नात्यातली निघाली तर आश्चर्य नको. शिखर बँकेचं, म्हणजे राज्य सहकारी बँकेचं, संचालक मंडळ 2011 ला रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून बरखास्त झालं ते अशाच कर्जव्यवहारांच्या पार्श्वभूमीवर. सभासदाचा शेअर गेला, मत गेलं, उरला फक्त "ऊस पुरवठादार". निवडणुकीची कटकट संपली.

2024 चं कोडंही यातच सुटतं, निदान अर्धं. कारखान्याला खेळतं भांडवल लागतं. राष्ट्रीय सहकार विकास निगमचं कर्ज हवं तर राज्याची थकहमी लागते, आणि थकहमी मंत्रालयातून येते. 2021 ला केंद्रात सहकार मंत्रालय झालं. 2023 च्या अर्थसंकल्पात ऊसदरावरच्या जुन्या प्राप्तिकर थकबाकीत कारखान्यांना सुमारे 10,000 कोटींचा दिलासा मिळाला. तालुक्यात राजा असलेला माणूस वरच्या सत्तेपुढे इतका अगतिक कधीच नव्हता. म्हणून एवढी पक्षांतरं. जो विरोधात राहिला त्याचा कारखाना चांगला चालत असला तरी बाकी सगळं सरकारी यंत्र समोर उभं राहतं. त्यात संगमनेरसारख्या तालुक्यात ऊस नसलेला, शहरातला, तरुण मतदार वाढला. त्याचं आमदाराशी नातं तोडीच्या चिठ्ठीतून जात नाही.

मात्र पराभव म्हणजे घराणी संपली असं नाही. थोरातांचे भाचे सत्यजित तांबे 2023 ला नाशिक पदवीधरमधून अपक्ष निवडून आले होते. राहुरीचे प्राजक्त तनपुरे हे जयंत पाटलांचे भाचे. हातकणंगल्यात कारखानदारांविरुद्ध ऊसदराचं आंदोलन करून दोनदा खासदार झालेल्या राजू शेट्टींना 2019 ला हरवलं ते धैर्यशील मानेंनी, तेही माजी खासदार बाळासाहेब मानेंचे नातू. सोयरीक कुठल्याच पक्षात अडत नाही.

दंडोबा

उत्तम माहिती. पण सभासदाने करायचं काय, हे राहिलंच. आणि दराचं? रिकव्हरी (साखर उतारा) चोरीबद्दल सतत ऐकतो, आकड्यात कोणी सांगेल का?

पोटनियम

आकडा सोपा आहे. 2025-26 ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे 100 किलो उसातून 10.25 किलो साखर निघाली तर, टनाला 3,550 रुपये, आणि वरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 34.60 रुपये जादा. म्हणजे 11.5 टक्के उतारा असेल तर 3,982 रुपये 50 पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. आता दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याने उतारा फक्त 0.1 ने कमी दाखवला तर शेतकऱ्यांचे 3 कोटी 46 लाख जातात. एकेकट्याला टनामागे 35 रुपये जाणवतही नाहीत. त्यातच बी हेवी मळीपासून (साखर पूर्ण काढून न घेतलेली मळी) इथेनॉल केलं की साखरेचा उतारा घटतोच. ही घट उताऱ्याच्या हिशोबात परत धरलेली आहे का, हा वार्षिक सभेत विचारायचा पहिला प्रश्न.

दुसरं, ऊस नोंदणीचा करार सही करण्याआधी वाचा. कायद्याने 14 दिवसांत पैसे आणि उशिराला 15 टक्के व्याज. पण त्याच तरतुदीत "लेखी करार वेगळा नसेल तर" अशी सवलत आहे. हप्त्याने पैसे घेण्याची संमती बारीक अक्षरात छापलेली असते आणि मग व्याजाचा दावा लंगडा पडतो. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा राज्याचा 2022 चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला, पण तुमच्या सहीचा करार त्याने आपोआप रद्द होत नाही.

कागद मागायचे तर सहकार कायद्याचं कलम 32. पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचं आणि संचालक मंडळाचं इतिवृत्त सभासदाला बघता येतं, फी भरून नकलाही मिळतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कारखान्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून फारसं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर सरकारचा भरीव पैसा असल्याशिवाय सहकारी संस्था थेट त्या कायद्यात येत नाही. तोच अर्ज प्रादेशिक सहसंचालक (साखर) कार्यालयात टाका. लेखापरीक्षण अहवाल तिथे असतोच.

सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. आयत्या वेळी माइक मागून उपयोग नाही, "मंजूर, मंजूर" मध्ये आवाज बुडतो. प्रश्न आधी लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद झाली का ते नंतर तपासा. ताळेबंदात बिनपरतीच्या ठेवी (ऊसबिलातून कापलेल्या, परत न मिळणाऱ्या रकमा), शिक्षणसंस्थेकडे वळवलेला निधी, तोडणी-वाहतूक ठेकेदारांची बुडीत उचल (आगाऊ दिलेली रक्कम), या तीन ओळी आधी बघा. पैसा मुरतो तो बहुतेक याच ठिकाणी.

वारस नोंद निवडणुकीच्या वर्षी करायला जाऊ नका, आजच करा. प्रारूप यादी लागल्यावर हरकतीला मोजकेच दिवस असतात.

गटऑफिस

उचलीवरून एक भर घालतो, कारण हा भाग नेहमी सुटतो. कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाला उचल देतो, मुकादम (टोळीचा म्होरक्या) बीडकडून कोयते, म्हणजे तोडकरी, आणतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बुडाली तर भुर्दंड ठेकेदारावर. तो घराण्याच्या जवळचा असेल तर बाकी ताळेबंदात वर्षानुवर्षं "येणे" म्हणून दिसते. तोडकऱ्याला इथे ना शेअर, ना मत, त्यामुळे कारखान्याच्या कुठल्याच जाहीरनाम्यात तो नसतो. सभेत बुडीत उचलीची ठेकेदारनिहाय यादी मागा. एकूण आकडा देतात, यादी द्यायला टाळाटाळ होते. ती मिळेपर्यंत लेखी मागत राहा.