अनुभव धागा : बूट डिस्क कधी दिसते, कधी गायब

संगणक चालू केला की काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही'. दोनदा बंद-चालू केलं की विंडोज जणू काही झालंच नाही अशा थाटात उघडतं. डिस्क सरळ मेली तर परवडते. हा दोष मात्र झाकण उघडून केबलला हात लावला की गायब होतो आणि चार दिवसांनी परत हजर. ज्यांच्या हाताखालून अशी यंत्रं गेली आहेत त्यांनी इथे लिहावं. 'केबल बदलली, झालं' एवढ्यावर थांबू नका. दोष कोणत्या वेळी येतो, काय मोजायचं, कोणता भाग निघतो आणि तो गेला हे कशावरून ठरवायचं, तेही सांगा.

सुरुवात मी करतो. डिस्क दिसेल तेव्हा आधी बॅकअप, पेचकस नंतर. मग ती पुन्हा रुसली की लगेच रीस्टार्ट न करता डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डातल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) शिरा आणि स्टोरेजच्या यादीत डिस्कचा मॉडेल नंबर आहे का ते बघा. नंबर नसेल तर दोष वीज, केबल, सॉकेट, पोर्ट किंवा खुद्द डिस्कमध्ये. विंडोज पुन्हा टाकून काहीही होणार नाही. नंबर आहे पण बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' नाही, तर डिस्क ठणठणीत असू शकते, हरवली आहे ती नोंद. मागे लावून विसरलेला पेनड्राइव्ह काढून बघा, काही बोर्ड त्याच्यामुळे क्रम बदलून टाकतात. या दोन दोषांची गल्लत झाली की चांगल्या डिस्का भंगारात जातात.

प्रतिसाद १

नंबरच दिसत नसेल तर पुढचा प्रश्न: फक्त थंड यंत्रावर, की केव्हाही? रात्रभर बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा चुकतं आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट केल्यावर दिसतं, तर दोन संशयित.

एक, साडेतीन इंची हार्ड डिस्क. तिला पूर्ण वेग घ्यायला साधारण १० ते १५ सेकंद लागतात. बायोसमध्ये 'फास्ट बूट' चालू असेल तर तो तितका थांबत नाही. रीस्टार्टला डिस्क आधीच फिरत असते, म्हणून लगेच सापडते. फास्ट बूट बंद करा, 'हार्ड डिस्क प्रीडिले'सारखी सोय असेल तर १० सेकंद द्या. त्याने दोष गेला तरी निर्धास्त होऊ नका. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, ०३ (वेग घ्यायचा वेळ) आणि ०ए (पुन्हा प्रयत्न) बघा. ०ए चा कच्चा आकडा शून्यावरून हलला असेल तर डिस्कची मोटर किंवा वीज दमते आहे.

दोन, एसएमपीएसमधले (वीज पुरवणाऱ्या डब्यातले) वाळलेले कपॅसिटर. थंडीत त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज सुरुवातीला डगमगतं, पाच मिनिटांत गरम होऊन सुरळीत. डिसेंबरच्या सकाळी तक्रार आणि मे महिन्यात शांतता असेल तर आधी हाच बघा.

आणखी एक. विंडोजमधलं 'शट डाउन' हे फास्ट स्टार्टअपमुळे पूर्ण बंद होणं नसतं. थंड सुरुवातीची चाचणी घेताना शिफ्ट धरून शट डाउन करा आणि भिंतीवरचं बटण बंद करा.

प्रतिसाद २

साटा केबलबद्दल, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या डेटा केबलबद्दल. स्मार्टमधला सी७ म्हणजे सीआरसी चुकांचा आकडा. तो डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका मोजतो, पृष्ठभागाच्या नव्हे. तो कधी कमी होत नाही, म्हणून ४०० दिसला म्हणून घाबरू नका. आज लिहून ठेवा, केबल बदला, २० ते ३० जीबी कॉपी करा, परत बघा. तिथेच थांबला तर केबल होती. वाढतच राहिला तर पोर्ट बदला.

घरातल्या साटा केबलच्या कनेक्टरची रचना साधारण ५० वेळा लावण्या-काढण्याइतकीच असते. वर्षानुवर्षं प्रयोगाला वापरलेली केबल 'चांगली' म्हणून दुसऱ्याच्या यंत्रात घालू नये. धातूची चाप असलेली घ्या. चाप नसलेली कॅबिनेटच्या झाकणाने दाबली जाऊन तिरकी होते, आणि झाकण काढून तपासताना सरळ! म्हणून झाकण उघडं असताना सगळं चालतं आणि बंद केल्यावर चुकतं. कनेक्टरच्या मुळाशीच काटकोनात वळवू नका, जागा नसेल तर काटकोनी टोकाची केबल मिळते.

प्रतिसाद ३

केबलचा मुद्दा मान्य, पण सगळे डेटा केबलच्या मागे लागतात आणि वीज देणारी वायर तशीच राहते. वीज तुटत असेल तर सी७ जागचा हलत नाही, आणि डेटा केबल कितीही बदलली तरी दोष तसाच.

ओळखायची युक्ती: स्मार्टमधला ०सी, म्हणजे डिस्क किती वेळा चालू झाली. बंद करण्यापूर्वी आकडा लिहा. थंड सुरुवातीनंतर तो एकानेच वाढायला हवा. दोन-तीनने वाढला तर चालू होताना वीज तुटून परत आली. (बायोसमधली सेटिंग बदलून बाहेर पडलात तर काही बोर्ड स्वतःच पूर्ण बंद होऊन चालू होतात, ती फेरी मोजू नका.)

मग मल्टिमीटर. मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणाऱ्या चार वायरींच्या जुन्या कनेक्टरच्या) मोकळ्या टोकावर काळा प्रोब काळ्या वायरला. लाल वायर ४.७५ ते ५.२५, पिवळी ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवी. नुसतं चालू यंत्र मोजून उपयोग नाही, बटण दाबतानाचे पहिले १० सेकंद बघा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर खेचते. मीटरला 'मिन' बटण असेल तर तेच वापरा. तरीही मिलिसेकंदाची बुडी साध्या मीटरवर दिसत नाही. आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. शेजारचा चांगला लावून बघणं हीच खरी चाचणी.

अडीच इंची साटा एसएसडी फक्त ५ व्होल्टवर चालते. त्याच वायरवर एसएसडी नियमित दिसते आणि साडेतीन इंची डिस्क नाही, तर १२ व्होल्टची बाजू तपासा.

मोलेक्सवरून साटा करणारा स्वस्त, ओतीव प्लॅस्टिकचा अडॅप्टर दिसला की काढून टाका. त्यात वायरी आत सरकून एकमेकींना लागतात, वास येतो, कधी पेटही घेतो. एका अडॅप्टरवर दुसरा अडॅप्टर तर नकोच.

प्रतिसाद ४

जुन्या ऑफिसमधून आलेले दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरचे संच अजून बाजारात फिरतात. इंटेलने ३१ जानेवारी २०११ रोजी जाहीर केलं होतं की सहाव्या मालिकेच्या चिपसेटमध्ये (बोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये; पी६७, एच६७) साटाचे २ ते ५ क्रमांकाचे पोर्ट काळानुसार कमजोर होतात. ० आणि १ ठीक. बी३ आवृत्तीत दुरुस्ती झाली. बोर्ड त्याआधीचा असेल तर डिस्क ० किंवा १ वर न्या.

प्रतिसाद ५

एम.२ बद्दल, म्हणजे बोर्डवरच आडव्या बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीबद्दल, कोणी लिहिलं नाही, आता तर सगळं तेच असतं.

सर्वांत जास्त सापडणारा दोष म्हणजे स्क्रू. २२८० (२२ × ८० मिमी) मापाच्या पट्टीला टोकाशी एक छोटा एम२ स्क्रू आणि त्याखाली टेकू लागतो. टेकू हरवला, चुकीच्या भोकात लागला किंवा स्क्रूऐवजी टेप चिकटवली, की पट्टीचं टोक वर उचललेलं राहतं. संपर्क होतो, पण अर्धवट. तापमानाने बोर्ड किंचित हलला की तुटतो. पट्टी तिरकी धरून सोनेरी टोक पूर्ण आत जाईपर्यंत सरकवायची, मग दाबून स्क्रू. सोनेरी पट्ट्यांची रेघ बाहेर दिसत असेल तर ती आत गेलेली नाही.

दुसरा दोष हीटसिंकचा. थर्मल पॅड जास्त जाड असेल तर पट्टी मधोमध धनुष्यासारखी वाकते. हीटसिंक काढून १५ थंड सुरुवाती घ्या, दोष नाहीसा झाला तर पॅड पातळ लावा.

तिसरी चाचणी: बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग 'ऑटो'वरून जेन ३ वर (जोडणीच्या आधीच्या, हळू पिढीवर) आणा. रायझर केबल किंवा कुरकुरणारा स्लॉट असेल तर जेन ४ ची जोडणी कधी जुळते, कधी नाही. जेन ३ वर सरळ चालली तर दोष वाटेत आहे, चिपमध्ये नाही. प्रोसेसरजवळचा स्लॉट बहुधा थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, खालचा चिपसेटला. वरच्यात चुकते आणि खालच्यात नाही, तर प्रोसेसर उचलून सॉकेटमधल्या वाकलेल्या पिना बघा.

प्रतिसाद ६

कोकणातल्या पावसाळ्याचं वेगळं प्रकरण. जमिनीवर, भिंतीलगत ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये जून ते सप्टेंबर संपर्कबिंदू गंजतात. साडेतीन इंची डिस्कची हिरवी सर्किटची पाटी टी६ किंवा टी८ टॉर्क्सने सोडवली की खालच्या बाजूला हेडकडे जाणारे चौकोनी पॅड दिसतात. बऱ्याच जुन्या डिस्कांमध्ये ते काळे पडलेले असतात. पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, चुरा ब्रशने झाडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, १० मिनिटं वाळू द्या. डिस्कचं धातूचं झाकण उघडायचं नाही. पाटी बदलायची वेळ आली तर नुसती सारख्या नंबरची पाटी चालत नाही, त्या डिस्कचीच माहिती असलेली आठ पायांची रॉम चिप नव्या पाटीवर हलवावी लागते.

गंज काढायचा तेलकट स्प्रे कनेक्टरवर मारू नका. आठवडाभर छान चालतं, मग त्या थरावर धूळ बसते. आणि झाकण उघडलंच आहे तर केबलवर उंदराचे दात आहेत का तेही बघा.

प्रतिसाद ७

तक्रार नेमकी सोमवारी सकाळी येते का? मग सीआर२०३२ बॅटरी काढून मोजा. यंत्राला भिंतीवरून वीज मिळत असते तोवर बायोसची मेमरी स्टँडबाय व्होल्टेजवर टिकते. शनिवारी मेन स्विच बंद झाला की ती बॅटरीवर येते. २.७ च्या खाली असेल तर बदला. घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर मोजायचीही गरज नाही.

बॅटरी उतरली की सेटिंग मूळ पदावर जातात: साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीई किंवा रेडवर, बूटचा क्रम उलटा, अकराव्या पिढीनंतरच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची सोय) पुन्हा चालू. परिणाम 'डिस्क नाही' किंवा निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. सेटिंग पूर्वीसारखी केली की झालं. मोड मुद्दाम बदलायचा असेल तर आधी एमएसकॉन्फिगमधून (विंडोजमधल्या सुरुवातीच्या सेटिंगच्या साधनातून) सेफ बूट निवडा, बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग सेफ बूट काढा. पण बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर हवी. ती नसताना सेटिंग बदललेली यंत्रं आली की दुरुस्त करणाऱ्याचे हात बांधलेले असतात.

प्रतिसाद ८

लोडशेडिंगनंतर साटा एसएसडी गायब होण्याबद्दल. कुठला डेटा कुठल्या चिपमध्ये, याचा एसएसडीचा आतला तक्ता अचानक वीज गेल्याने अर्धवट राहतो, आणि तो पुन्हा जुळवेपर्यंत ती बायोसला उत्तर देत नाही. लोक घाईने दहादा बंद-चालू करतात आणि जुळवणी दर वेळी तुटते. डेटा केबल काढा, फक्त वीज राहू द्या, २० मिनिटं थांबा. वीज ३० सेकंद काढा. पुन्हा २० मिनिटं. मग दोन्ही जोडा. दिसली तर तशीच वापरत न राहता क्लोन करा आणि उत्पादकाचं नवं फर्मवेअर (डिस्कच्या आतला तिचा स्वतःचा प्रोग्रॅम) टाका.

फर्मवेअर हलक्यात घेऊ नका. जानेवारी २००९ मध्ये सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ हार्ड डिस्का एसडी१५ फर्मवेअरमुळे चालू करताना बायोसला दिसेनाशा होत होत्या, आतला डेटा शाबूत असूनही. एचपीई कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये काही सर्व्हर-एसएसडी ३२,७६८ तास भरले की मरतात असं जाहीर करून सुधारित फर्मवेअर दिलं. स्मार्टमधला ०९ म्हणजे एकूण तास, तो डोळ्याखालून घालायला वेळ लागत नाही.

प्रतिसाद ९

सगळ्यांनी भाग सांगितले, 'दोष गेला' कधी म्हणायचं ते राहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोष साधारण पाचांत एकदा येत असेल, तर काहीही दुरुस्त न करता सलग दहा सुरुवाती नीट जाण्याची शक्यता १०-११ टक्के असते. पंधरा घेतल्या तर साडेतीन. तेव्हा पाचांत एकसाठी किमान १५, दहांत एक येत असेल तर ३० थंड सुरुवाती, प्रत्येकीआधी मेन स्विच दोन मिनिटं बंद. थंडीतला दोष असेल तर हे एका दुपारी उरकत नाही. रात्री बंद, सकाळी एक नोंद, असे पंधरा दिवस जातात. आणि शेवटी जुना संशयित भाग परत लावून बघा. दोष परत आला तरच तो भाग भंगारात टाका. परत आला नाही, तर केबल काढून घालण्यानेच संपर्क नीट बसला होता, बाकीचं पैसे खर्च करून झालेलं समाधान.